जनूशेठकडे कारण असायचं

जनूशेठ भोईरांना हळू बोलता येत नसे. सगळं आयुष्य भाताच्या गिरणीत गेलेलं. गिरणीच्या धडधडीवर आवाज चढवायची सवय, ती गिरणी बंद असली तरी सुटत नसे. कडावात आमची घरं शेजारीशेजारी. जनूशेठनी बायकोला कानात सांगितलेली गोष्ट मला माझ्या ओट्यावर भाजी निवडताना स्पष्ट ऐकू यायची. वहिनी "अहो, हळू!" म्हणाल्या की ते त्याहून मोठ्यानं विचारत, "काय म्हणतेस?" त्यामुळे भोईरांच्या घरात काहीही लपून राहिलं नाही आणि आमच्या आळीला करमणुकीची कधी ददात पडली नाही.

मी कर्जतच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. ग्रंथालयाची खिडकी मैदानावर उघडायची आणि संध्याकाळी कपाटं बंद करायच्या वेळेला त्या खिडकीतून हमखास जनूशेठचा आवाज आत यायचा. "पाय बघ गं, पाय! हात काय बघतेस तिचे!" कॉलेजात त्यांचं कुणीही शिकत नव्हतं. स्वतः त्यांनी शाळा लवकरच सोडलेली. पण आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचा एवढा कट्टर भक्त दुसरा नव्हता. भाताचा कोंडा उडालेल्या केसांनिशी, गिरणीच्या कपड्यांवरच मोटारसायकलवरून यायचे आणि गुलमोहराखाली उभे राहायचे. बसायचे नाहीत. बसलं की आवाज बसतो म्हणायचे.

आणि संघ सारखा हरायचा.

म्हणजे अगदी नेमानं. खोपोलीला दरवर्षी कॉलेजांची मोठी स्पर्धा भरते, घाटावरचेही संघ येतात. आमच्या मुली सकाळी टेंपोत गाणी म्हणत जायच्या आणि पहिल्या फेरीत हरून दुपारच्या जेवणाला घरी यायच्या. प्रशिक्षक होते निरगुडे सर. डोंगराच्या कडेच्या वाडीतले, सडसडीत, कमालीचे अबोल. नेमणूक एकेका वर्षाची, दर जूनला नवी. हरून आल्यावर कुणी विचारलं, काय झालं सर, तर ते एवढंच म्हणायचे, "कमी पडलो." त्यापुढे एक अक्षर नाही. पट्टीच्या वक्त्यांची सवय असलेल्या आपल्या लोकांना असला माणूस पचत नाही. हा गप्प आहे म्हणजे ह्याला काही येत नसणार, असं सरळ गणित.

सरांचं हे न बोललेलं सगळं जनूशेठ बोलायचे.

पहिल्या वर्षीचं कारण मला पक्कं आठवतं. मी ओट्यावर होते. जनूशेठ गाडी लावता लावताच म्हणाले, "बाई, लावणीनं घात केला."

"जनूभाऊ, लावणी आषाढात झाली. आता थंडी पडलीय."

"मग? कंबर काय लगेच सरळ होते? दिवसभर चिखलात वाकलेली पोर ती. ती चढाईला गेली तरी तिची नजर खालीच. तिला वाटतं, भाताचं आवण लावायचंय."

दुसऱ्या वर्षी जेवण. स्पर्धेवाल्यांनी खेळाडूंना पुलाव दिला होता आणि त्याचा तांदूळ बाहेरचा होता. "आपल्या पोरींना आपल्या भाताची सवय. तो लांबडा दाणा पोटात जाऊन आडवा बसतो. आडव्या दाण्यावर कोण दम धरंल?" कबड्डीत एका श्वासात चढाई करायची असते हे मला ठाऊक होतं, पण दाण्याच्या लांबीचा त्या श्वासाशी संबंध जोडणारा जगात हा एकच माणूस असावा. त्याच्या पुढच्या वर्षी मॅट. आमच्या मुली मातीत अनवाणी खेळणाऱ्या, खोपोलीला मॅटवर बूट घालून खेळावं लागायचं. हे कारण खरं होतं. पण ते जनूशेठच्या तोंडून इतर कारणांच्या रांगेत आलं, त्यामुळे तेही तांदळाच्या शेजारी जाऊन बसलं.

ही कारणं एकट्याची नसत. गिरणीवर त्यांचं एक मंडळच जमायचं. दळप टाकून वाट बघणारे, नुसतेच बसणारे, आणि सदू दूधवाला, जो कॅन रिकामे झाले की घरी जाण्याऐवजी तिथं यायचा. प्रत्येकानं आपलं कारण मांडायचं आणि जनूशेठनी ते तांदळासारखं हातावर घेऊन फुंकून बघायचं. एकदा माझ्यासमोर सदू म्हणाला, "शेठ, सांगू या का, सरांच्या घरी सुतक होतं म्हणून?"

जनूशेठनी मान हलवली. "नको रं. कोण गेलं म्हणून इचारतील. उगाच एखाद्याला मारायचा कशाला?"

असा हा न्यायनिवाडा. मी हसून हसून बेजार झाले.

कर्जत स्टेशनबाहेर एकदा वडापाव खाताना कुणी अनोळखी गृहस्थ म्हणाला, या कॉलेजचा कोच बदलला पाहिजे. झालं! जनूशेठनी त्याला आपल्या खर्चानं आणखी एक वडापाव घेऊन दिला, खांद्यावर हात ठेवला आणि लावणीपासून मॅटपर्यंत सगळा इतिहास ऐकवला. त्या बिचाऱ्याची गाडी गेली. मग दुसरी गेली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, कोच उत्तम आहे, मला सोडा." जनूशेठ मला दुसऱ्या दिवशी छाती पुढे काढून सांगत होते, "बाई, काल एक माणूस जोडला."

मी त्यांना खूप चिडवायचे. एकदा चिडवता चिडवता विचारलंच, "जनूभाऊ, तुम्हाला काय पडलंय एवढं? सर तुमचे कोण?"

मग त्यांच्या मानानं पुष्कळ हळू, म्हणजे तीन घरांपलीकडे जाणार नाही इतपत आवाजात त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते गावच्या मंडळातून खेळायचे. पकडीला उभे असत, कोपऱ्यावर. शाळेतले एक मास्तर शिकवायचे. चांगला संघ होता. एका यात्रेतल्या सामन्यात ते हरले आणि गाव मास्तरांना भर चौकात नको नको ते बोललं. मास्तरांनी बदली मागून घेतली. "मास्तर गेला, बाई, आनी संघ पन गेला. पुना कोनी मैदान आखलं नाय. आमी पोरं तिथं उभी होतो, एकानं तोंड उघडलं नाय. म्हंजे हरल्याचं काय नाय वाटत मला. हरल्यावर जे होतं ना, त्याची भीती वाटते."

त्यानंतर त्यांची कारणं ऐकताना मला हसू येतच राहिलं, पण मी चिडवणं जरा कमी केलं.

आणि मग ते वर्ष आलं. संस्थेच्या अध्यक्षांनी जिमखाना समितीत साफ सांगितलं, खोपोलीला पहिली फेरी तरी पार करा, नाहीतर पुढच्या जूनला सरांची नेमणूक नाही, आणि मुलींचा संघही बंद. मी त्या समितीत होते, कारण प्रत्येक समितीत एक बाई लागते आणि ग्रंथपालाला काम नसतं असा सर्वांचा समज. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "ठीक हाय." संघ बंद झाला तर काय होणार हे मला दिसत होतं. निम्म्याहून जास्त मुली वाडीवस्तीवरच्या. सर आपल्यातले आहेत, एवढ्या भरवशावर त्यांचे आईबाप त्यांना संध्याकाळी मैदानावर ठेवत. सर गेले की त्या चार वाजताच घरी, आणि थोड्याच दिवसांत लग्नाच्या मांडवात. जनूशेठनाही हे दिसत होतं. त्या महिन्यात त्यांनी गिरणी कितीदा सदूच्या भरवशावर टाकली, देव जाणे. सदू कोंडा आणि तांदूळ एकाच पोत्यात भरायचा.

खोपोलीला मीही गेले. आमची सुवर्णा म्हणून चढाईची मुलगी होती, शेलाटी, डोळे सतत दुसरीकडे आणि हात तिसरीकडे. त्या दिवशी ती अशी खेळली की माझ्यासारख्या पुस्तकी बाईलाही कळलं, काहीतरी वेगळं चाललंय. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. पुढे! जनूशेठना घाम फुटला होता. पुढे असण्याची सवयच नाही हो.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. सुवर्णा चढाईला गेली, एकीला शिवली, वळली, आणि मध्यरेषा हातभर राहिली असताना तिचा पाय सरकला. सपशेल आडवी. चौघी जणी तिच्या अंगावर. शिट्टी वाजली, आणि आम्ही एका गुणानं हरलो.

परतीच्या टेंपोत मुली रडत होत्या. मी वाट बघत होते जनूशेठच्या कारणाची. खरं सांगते, मला ते हवं होतं. पण ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसून राहिले. खोपोली ते कर्जत एक शब्द नाही. मी सदूला म्हटलं, शेठना बरं वाटत नाहीये का रे?

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात आले. त्या जागी आवाज करायचा नसतो म्हणून ते कधी पाऊल टाकायचे नाहीत. माझ्या टेबलाजवळ उभं राहून म्हणाले, "बाई, मी टाकली माती."

"कसली माती?"

आमच्याकडे मैदानात उतरताना खेळाडू वाकून माती कपाळाला लावतात. तळहातालाही चोळतात. खोपोलीला मुली मॅटला हात लावून तो कपाळाला लावायच्या आणि ते जनूशेठना बघवत नसे. प्लास्टिकच्या पाया काय पडायचं? म्हणून त्या सकाळी त्यांनी कॉलेजच्या मैदानातली माती रुमालात बांधून नेली होती. मध्यंतरात सगळे पाणी पिण्यात गुंतलेले बघून ते कडेनं गेले आणि मध्यरेषेजवळ ती माती पसरली. चिमूटभर नव्हे. चांगली मूठभर. आशीर्वाद कमी पडू नये म्हणून.

मॅटवर कोरडी माती म्हणजे बुटाखाली रवा सांडल्यासारखं. सुवर्णा तिथंच घसरली होती.

मला राग आला. मी म्हणाले, "अहो काय केलंत हे! कुणाला विचारलंत?" इतका मोठा माणूस, हमालांना दमात घेणारा, मान खाली घालून उभा होता. "माझ्या हातानं सरांची भाकरी गेली, बाई," म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले. त्या रुमालाची माती गालाला लागली.

जिमखाना समितीची बैठक भरली तेव्हा जनूशेठ परवानगी न घेता आत घुसले. अध्यक्षांसमोर उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. माती, रुमाल, मध्यंतर. "सरांचा दोष नाय. माझा हाय. काय शिक्षा करायची ती मला करा."

अध्यक्ष खो-खो हसायला लागले. "वा, जनूशेठ! लावणी झाली, तांदूळ झाला, आता माती! यंदाचं कारण सगळ्यात झकास बरं का." सगळे हसले. प्राचार्यसुद्धा.

"आवो, खरं सांगतोय!"

"दरवर्षी खरंच सांगता तुम्ही."

मी म्हटलं, खरं आहे ते, मला माहीत आहे. तर एक सदस्य म्हणाले, "बाई, तुम्ही शेजारी आहात त्यांच्या." म्हणजे झाला माझा निकाल. जनूशेठ माझ्याकडे बघत होते. उभ्या आयुष्यात इतक्या लोकांना इतक्या गोष्टी पटवलेला माणूस, आणि जी एकच गोष्ट पटायला हवी होती ती कुणाला पटत नव्हती. मला त्यांची इतकी दया आली की मी खाली बघू लागले. शिपायानं त्यांना हळूच दाराबाहेर नेलं.

मग अध्यक्ष सरांकडे वळले. "बोला निरगुडे. माती होती का?"

सर म्हणाले, "आसंल. पन त्याच्या आधी आमी दोन पकडी सोडल्या. त्या केल्या आसत्या तर शेवटच्या चढाईची वेळच आली नसती. कमी पडलो."

दाराबाहेरून आवाज आला, "सर, एकदा तरी कारण द्या की वो!" गिरणीवाल्याला दार किती अडवणार?

सर हसले. मी त्यांना प्रथमच हसताना बघितलं. आणि मग ते बोलले, माझ्या ऐकण्यातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. "शेठ आनी त्यांचं मंडळ लय मायेचं हाय, साहेब. त्यांच्यामुळंच मी टिकलो. पन कारनं शोधता शोधता एक गोष्ट कोनी बघितली नाय. पहिल्या साली आमच्यावर तीन लोण चढले." लोण म्हणजे सगळाच्या सगळा संघ बाद होणं. "दुसऱ्या साली दोन. गेल्या साली एक. या साली एक पन नाय. पोरी दरवर्षी थोड्या कमी हरतात. मला वाटलं, दिसत आसंल सगळ्यांना. म्हनून बोललो नाय."

कुणालाच दिसलं नव्हतं. मला नाही, अध्यक्षांना नाही, रोज गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या जनूशेठनाही नाही. आम्ही सगळे हरण्याच्या कारणातच एवढे रमलो होतो.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे पुढच्या वर्षी जिंकाल?"

"सांगता येत नाय," सर म्हणाले. "बरं खेळू."

"जिंकू म्हना की!" बाहेरून.

अध्यक्षांना हसू आवरेना. पण या वेळचं हसणं निराळं होतं. ते म्हणाले, ठीक आहे, आणखी एक वर्ष. आणि प्राचार्यांना विचारलं, कुणाचं जुनं मॅट मिळेल का बघा. मी बाहेर आले तेव्हा जनूशेठ व्हरांड्यात उभे होते. सर त्यांच्याजवळ गेले. जनूशेठ म्हणाले, "सर, मला मैदानावर येऊ नका म्हना, मी येनार नाय." सर म्हणाले, "या ना शेठ. रुमाल तेवढा घरी ठेवा."

त्या वर्षभरात जुन्या, तीन ठिकाणी शिवलेल्या मॅटवर मुलींनी घाम गाळला. जनूशेठ यायचे. कारणं बंद झाली नाहीत, स्वभाव कुठं जातो? पण आता ते सदूला मध्येच थांबवून म्हणायचे, "ते राहू दे. तिनं आज पकड कशी घेतली ते सांग."

पुढच्या खोपोलीला मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. वहिनींनी मला बजावलं होतं, "त्यांचे खिसे बघा गं आधी." मी खरंच बघितले. त्यांनीही मुकाट्यानं दोन्ही बाहेर काढून दाखवले. समोर घाटावरचा तगडा संघ होता. सामन्याचं वर्णन मी काय करणार? एवढंच सांगते की शेवटची शिट्टी वाजली तेव्हा सुवर्णा मध्यरेषेच्या या बाजूला उभी होती, दोन्ही हात वर करून, आणि आम्ही जिंकलो होतो. मी चपला सोडून मॅटवर धावले. सदू रडत होता. मुलींनी सरांना उचललं आणि सर "आरं, पाडाल, पाडाल" म्हणत होते. पुढच्या जूनची काळजी मिटली होती. मी जनूशेठना शोधायला वळले, तर ते जागेवर नाहीत.

त्याच वर्षी मी निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला आले. वहिनींशी फोनवर बोलणं होतं आणि मागून जनूशेठचा आवाजही येतो, त्यांना फोन द्यायची गरज पडत नाही. पण जनूशेठ म्हटलं की मला आठवतात ते त्या दुपारचे, खोपोलीच्या मैदानाबाहेर.

हरलेल्या संघाची बस तिथं उभी होती. त्यांच्या प्रशिक्षक एक तरुण बाई होत्या. नवीन असाव्यात. बॅग छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्याबरोबर आलेली चार-सहा माणसं त्यांना घेरून बोलत होती. काय शिकवलंत, एवढा संघ हातात देऊन पहिल्याच फेरीत, वगैरे. बाईंचे डोळे भरलेले. आणि त्या घोळक्याच्या मधोमध आमचे जनूशेठ.

"ओ पाहुणे, त्यांना काय बोलता? तुमी घाट उतरून आलात ना?"

"आलो. मग?"

"मग! घाट उतरला की कानाला दडे बसतात का नाय? दडे बसलेल्या कानानं पोरींना एकमेकींची हाक ऐकू येल काय? आनी हाक ऐकू आली नाय तर पकड कशी जमनार?"

ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण नकळत कानात बोट घालून हलवू लागला. दुसरा जरा विचार करून म्हणाला, "ते हाय म्हणा. आणि सकाळचे पोहेपण थंड होते."

"थंड पोहे!" जनूशेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "घ्या! आवो, थंड पोह्यांवर एवढं खेळल्या पोरी, मग बाईंनी शिकवलंय तरी किती चांगलं!"

त्या बाई रडता रडता हसल्या. पुढची फेरी दुसऱ्या दिवशी होती, म्हणून टेंपोतून आमच्या मुली हाका मारत होत्या, शेठ, चला, शेठ, निघायचंय. जनूशेठनी मागे न बघता हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थांबा गं जरा. यांचं अजून व्हायचंय."